उजव्या हातावरचं नाव

सुट्टीवर आलेला फौजी काय करतो? आधी दोन दिवस झोपा काढतो, मग आईच्या हातचं रेटून जेवतो, मग मित्रांबरोबर तेलीबांध्याच्या तळ्याभोवती चकरा मारतो आणि सुट्टी संपत आली की कोणाच्या तरी वरातीत नाचतो. जगाची रीतच आहे ती. पण अभिनव कापगते रायपूर स्टेशनात उतरला तो कॅमेऱ्याची पिशवी गळ्यात अडकवूनच, आणि घ्यायला आलेल्या बापाच्या पाया पडता पडता म्हणाला, "बाबा, तुमचा डावा हात पाहिजे."

"काहून? तुह्या हाताले का झालं?" रामकृष्ण सुभेदार म्हणाले.

सुभेदार म्हणजे रिटायर्ड सुभेदार. फौज सुटल्यावर सिलतऱ्याच्या एका लोखंडाच्या कारखान्यात त्यांनी सिक्युरिटीचं काम पाहिलं, आता घरी बसले होते. पण घरी बसलेला सुभेदार नोकरीवरल्या सुभेदारापेक्षा भारी. त्यांच्या घरात चपलासुद्धा सावधानमध्ये उभ्या असायच्या. कुंडीतल्या तुळशीलाही वाटत असेल, वाकडी वाढले तर फटका बसेल.

तर हाताचं प्रकरण असं. अभिनव पलटणीत नायकाच्या हुद्द्यावर होता आणि स्वतःच्या पगारातून, जुन्या कॅमेऱ्यावर, एक फिल्म करत होता. फौजी लोकांच्या अंगावरच्या गोंदणांची फिल्म. फिल्मच्या शाळेत तो गेला नव्हता, पण पोराला नजर होती आणि आत्मविश्वास तर असा, की त्यातला पावशेर विकला असता तरी मोहल्ल्याला पुरला असता. पलटणीत आधी सगळे हसले. मग एकेक जण हळूच येऊन बाही वर करू लागला. एकाच्या हातावर नुसता रक्तगट. एकाच्या हातावर पहिल्या पोरीची इवलीशी पावलं. खेचरांबरोबर पहाड चढणाऱ्या एकाने आपल्या मेलेल्या खेचराचं नाव गोंदलं होतं, 'राणी', आणि त्याची बायको अजून विचारत होती की ही कोण सटवी.

परवानगीसाठी अभिनव सरळ पलटणीच्या प्रमुखापुढे, सीओ साहेबांपुढे जाऊन उभा राहिला. साहेबांनी ऐकून घेतलं आणि अटी घातल्या. चेहरा दिसता कामा नये, वर्दी दिसता कामा नये, जागेचं नाव येता कामा नये, आणि बाहेर दाखवण्याआधी फिल्म मला दाखवायची. दुसरा कोणी असता तर हिरमुसला असता. हा खूश! "साहेब, मला चेहरा नकोच आहे. हात बोलतात." मग काळी कांबळ अंथरायची, तिच्यावर उघडा हात ठेवायचा, आणि हाताचा धनी कॅमेऱ्याच्या मागून बोलायचा. अशी सगळी फिल्म झाली होती. राहिला होता तो शेवटचा हात. तो बापाचा.

कारण रामकृष्ण सुभेदारांच्या डाव्या हातावर, कोपराच्या आतल्या बाजूला, निळ्या अक्षरांत 'मंदाकिनी' लिहिलेलं होतं. मंदाकिनी म्हणजे अभिनवची आई. अख्ख्या मोहल्ल्यात त्या हाताची कीर्ती. नवरा-बायकोचं भांडण झालं की बाया म्हणत, "सुभेदाराले पाहा जरा! एवढा कडक माणूस, पन बायकोचं नाव हातावर घेऊन लढाईवर गेला." अभिनव हे ऐकत मोठा झाला. त्याला ठाऊक होतं, फिल्म याच हातावर संपणार. लोक डोळे पुसत उठणार. त्याच्या डोक्यात टाळ्यासुद्धा वाजून झाल्या होत्या.

सुभेदार मात्र तयार होईनात. "हात दाखवून अवलक्षण कोणं सांगतलं," म्हणाले. दोन दिवस टाळाटाळ केली, तिसऱ्या दिवशी गच्चीवर आले, कांबळीवर हात ठेवला आणि कॅमेरा सुरू झाल्यावर एवढंच बोलले, "तुह्या आईचं नाव हाये. झालं?"

"बाबा, अजून काही सांगा ना. कुठं गोंदलं, कधी गोंदलं, मनात का होतं..."

"मनात का राहते? दुखून राह्यलं होतं." आणि उठून गेले.

खाली स्वयंपाकघरात मंदाकिनीबाई भाकरी थापत होत्या. त्यांनी विचारलं, "झालं का रे शूटिंग?" आणि उत्तराची वाट न पाहता भाकरी तव्यावर टाकली. त्या गोंदणाबद्दल त्या कधीच काही बोलायच्या नाहीत. लोक म्हणत, लाजते बिचारी.

एका वाक्यावर काय फिल्म संपते? अभिनवने डोकं चालवलं. बाप बोलत नाही तर बापाचा दोस्त बोलेल. शालिग्राम काका पुरानी बस्तीत राहायचे. दोघं एकाच पलटणीत, एकाच बराकीत, एकाच थाळीत जेवलेले. काका इथले, छत्तीसगढी, आणि बोलण्याच्या बाबतीत सुभेदारांच्या अगदी उलट. एक विचारा, दहा ऐका.

काकांनी बनियन घालूनच कांबळीवर हात ठेवला. त्यांच्या हातावर बजरंगबली होता, वयाप्रमाणे जरा सुटलेला. "हव, बेटा, सब याद है," ते म्हणाले. "पहाडवर जायच्या आधी आम्ही जत्रेत गेलो होतो. गोदन्याचा मशीनवाला बसला होता. कोणीतरी म्हणालं, ज्याचं नाव हातावर असतं तो माणूस आपल्याला परत ओढून आणतो. मी म्हटलं, मेरे तो हनुमानजी. अन् तुझ्या बाबाने खिशातून फोटो काढला. नवीनच सोयरीक जमली होती त्याची. फोटो आम्ही सगळ्यांनी पाहिला, बराकभर फिरला तो. लंबी चोटी, गोरी. गोंदियाकी लडकी. मंदाकिनी. गोदना बनवून घेतला आणि मग रात्रभर आम्ही त्याला चिडवलं. पुढच्या साली शादी करून आला, तर आम्ही सगळे म्हणालो, देखो, हनुमानजीसे पहले मंदाकिनीने काम किया!"

काका हसत होते. अभिनव कॅमेऱ्यामागे उभा होता तो तसाच राहिला.

त्याची आई गोंदियाची नव्हती. तुमसरची होती. आणि लग्नाआधी ती मंदाकिनी नव्हती, दीपमाला होती. हे काही गुपित नव्हतं. आपल्याकडे लग्नात नवरीचं नाव बदलतातच. ताटात तांदूळ पसरतात, नवरा अंगठीने त्यात नवं नाव लिहितो, बाया वाकून वाचतात, पेढे वाटतात आणि आदल्या दिवसापर्यंतचं नाव त्या तांदळातच राहून जातं. अभिनवला हे सगळं माहीत होतं. फक्त त्याने दोन गोष्टी कधी एकमेकींशेजारी ठेवून पाहिल्या नव्हत्या. हातावरचं नाव आधीचं होतं. आई नंतरची होती. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात तो हा असा. हा शहाणा अख्ख्या पलटणीची गोंदणं वाचत फिरला आणि घरचंच वाचायचं राहिलं.

स्कूटरवर घरी येईपर्यंत त्याचं डोकं तापलं होतं. सुभेदार अंगणात पाइपाने झाडांना पाणी देत होते. अभिनवने स्कूटर लावली आणि विचारलं, "बाबा, गोंदियाची मंदाकिनी कोण?"

पाइप खाली पडला. पाणी चपलांवर गेलं, सावधानमधल्या चपला वाहून चालल्या, तरी सुभेदारांचं लक्ष नव्हतं.

"शाल्या बोलला," ते म्हणाले. मग हळू आवाजात बोलू लागले. आत ऐकू जाऊ नये म्हणून असेल. "सोयरीक झाली होती. मंग तिच्या बापाले कोणं सांगतलं, फौजी माणसाचा काय भरवसा, आज हाये उद्या नाही. मोडली त्यायनं. मी वर होतो, मले तर दोन महिन्यानं समजलं. हातावर नाव तं होऊन गेलं होतं. पलटणीले का सांगू? फोटो सगळ्यायनं पाह्यला होता. लग्न ठरलं तुह्या आईसंग. बोहल्यावर ताट पुढे आलं, भटजी म्हणे लिहा, अन् मी तेच लिहून टाकलं."

"पलटण हसेल म्हणून?"

"हासलीच असती ना!" सुभेदार उसळले. "तुले का समजते! पोट्टा होतो मी. काटून टाक ते शाल्याचं. माझंही काटून टाक. अन् आईपाशी एक शब्द बोलशील तर याद राख."

अभिनवला राग आला, आणि रागापेक्षा जास्त वाईट वाटलं. बापाचं नाही, आईचं. तीसेक वर्षं ही बाई दुसरीच्या नावाला ओ देत होती आणि मोहल्ला तिला नशीबवान म्हणत होता! मोहल्ल्याचं सोडा, तो स्वतः तेच म्हणत होता, आणि आता ते पडद्यावर म्हणणार होता. फिल्मचा शेवट तर गेलाच. लॅपटॉप उघडून त्याने आधी काकांची गोष्ट कापली. मग बापाचं वाक्य कापायला घेतलं आणि तिथे बोट अडलं. हा हात काढला तर फिल्म लंगडी होत होती. ठेवला तर ती आईच्या तोंडावर खोटं बोलत होती. सुट्टीचे दिवस भराभर संपत होते, आणि परत जाऊन साहेबांना फिल्म दाखवायची होती. चेहरा नाही, वर्दी नाही, एवढं पाळलं. पण खोटं? खोट्याबद्दल साहेबांनी अट घातली नव्हती. ती त्याची त्यालाच घालायची होती.

दुसऱ्या दिवशी दुपारी तो तसाच पडद्याकडे पाहत बसला होता. मागून मंदाकिनीबाई चहा घेऊन आल्या. पडद्यावर कांबळ, कांबळीवर सुभेदारांचा हात.

"काहून काटून राहिला बावा? चांगला तर आला हात."

"नाही जमत आई. सोड."

"शालिग्राम भाऊजीनं गोंदियाचं सांगतलं का तुले?"

अभिनव कप हातात घेऊनच गर्रकन वळला.

"अरे, चहा सांडशील," बाई म्हणाल्या आणि पदराला हात पुसत समोर बसल्या. "लाव तुहा कॅमेरा. एवढ्या लोकायचे हात घेतले, आईले नाही विचारलं."

"आई, तू तर फौजी नाही."

"फौजीच्या हातावर नाव कोणाचं होते मंग? लाव म्हटलं ना!"

लावला. दुसरं करणार काय? बाईंनी कांबळीवर आपला हात ठेवला. हिरव्या बांगड्या, तव्याचा एक जुना डाग, आणि गोंदण काहीच नाही. कोरा हात. आणि मग त्या अशा बोलल्या, जशा रोज भाजीवाल्याशी बोलतात, जराही न अडखळता.

"माझं नाव दीपमाला. दिवाळीत झाली म्हणून माझ्या बापानं ठेवलं होतं. बोहल्यावर यायनं तांदळात मंदाकिनी लिहिलं. सगळ्या बाया म्हणे, वा, किती छान नाव! मीही खूश झाली. म्हटलं, मिलिट्रीवाला दिसते कडक, पन मनानं शौकीन हाये. मंग दोन रोजानं अंघोळीले पाणी काढून देतानी यायचा हात दिसला. आमच्या तुमसरले जत्रेत गोंदणाऱ्या बाया यायच्या. नवं गोंदण कसं सुजते, खपली कशी धरते, अन् जुनं कसं बसून जाते, हे मले कोणी शिकवाचं काम नव्हतं. नाव दोन दिवसाचं, अन् गोंदण वरीसभराचं! मी काय येडी होती? समजून गेली."

"वाईट नाही वाटलं?" कॅमेऱ्यामागून अभिनवने विचारलं.

"वाटलं ना. लय वाटलं. मोरीत बसून रडली. पन त्या पोरीचं नाही वाटलं. तिनं माझं का घेतलं? तिची तर सोयरीक मोडली बिचारीची, गोंदियाची होती, हे मागून सासूबाईच्या तोंडून निघालंच. मले वाटलं ते माझ्या नावाचं. बापानं एवढ्या हौसेनं ठेवलेलं, अन् तांदळातून अंगठी फिरेपर्यंत गेलं. तांदूळही मंग भातात शिजवून टाकले सासूबाईनं."

"मग बोलली काहून नाही?"

"कोणाले बोलू? हे तर चौथ्या रोजी गाडीत बसले. चिठ्ठी लिहिली असती तर वर साहेबानं फोडून वाचली असती. मंग पलटण अजूनच हासली असती." बाई स्वतःच हसल्या. "मंग तू झाला, घर झालं, मंदाकिनीची सवय झाली. आता माहेरी कोणी राह्यलं नाही, दीपमाला म्हणणारं. पन सवय झाली म्हणजे आवडलं असं नाही, बावा. हे लिहून ठेव तुह्या फिल्ममंधी."

दारात सुभेदार उभे होते. कधीपासून, कोण जाणे. मुलाने पाहिलं, बाईंनीही पाहिलं, पण त्यांनी हात कांबळीवरून उचलला नाही.

"मले माहीतच नव्हतं, तुले माहीत हाये म्हणून," सुभेदार म्हणाले.

"तुम्ही विचारलं कधी?"

सुभेदार आत आले, खुर्चीच्या पाठीला धरून उभे राहिले. कडक माणूस, पण डोळे भरले होते आणि ते लपवायची त्यांना अक्कल नव्हती. "चुकलं माझं," म्हणाले. "आता ते लेझरनं मिटवतात म्हणे. मिटवून टाकतो."

"खबरदार!" बाई म्हणाल्या. "त्या पोरीचं का चुकलं? अन् त्याच नावानं परत आले ना तुम्ही पहाडावरून? राहू द्या."

"मंग त्याच्या खाली तुहं लिहितो."

"खाली? मी का दोन नंबर हाओ?"

सुभेदारांनी पोराकडे पाहिलं. पोराने छताकडे. असल्या वेळी छत फार कामाचं असतं.

"उजवा हात कोरा हाये ना तुमचा," बाई म्हणाल्या. "सलूट मारता तो. त्याच्यावर लिहा."

"या वयात? लोक हासतील."

"पलटण हासन म्हणून माझं नाव बदललं. आता हासू द्या पलटणीले."

आयुष्यभर ज्याने हुकूम दिले त्यालाच हुकूम बरोबर ओळखू येतो. ते आत गेले आणि इस्त्रीचा शर्ट घालून बाहेर आले.

तेलीबांध्याला, तळ्यासमोर, पायल नावाच्या मुलीचं टॅटूचं दुकान होतं. भरतीला जाणारी पोरं तिच्याकडे मानेवरचे, दंडावरचे टॅटू मिटवून घ्यायला रांग लावत, कारण भरतीच्या मेडिकलला नको त्या जागचं गोंदण चालत नाही. त्यामुळे पिकल्या मिश्यांचे सुभेदार दिसल्यावर तिने विचारलं, "अंकल, मिटाना है?"

"नाही. बनवाचं हाये," सुभेदार म्हणाले आणि खुर्चीत ताठ बसले. बाही दुमडली. खुर्चीच्या हातावर अभिनवने आपली काळी कांबळ टाकली, कॅमेरा लावला. पडद्यात नुसता हात. चेहरा नाही, दुकान नाही, तळं नाही. बाप आता फौजेत नसला म्हणून काय झालं, नियम सगळ्या फिल्मला एकच.

बाई दारापाशी बाकावर बसल्या होत्या, तळ्याकडे पाहत. आत रांगेतल्या पोरांची कुजबुज चालली होती.

पायलने कागदावर अक्षरं काढली, हातावर छाप उमटवली. मग म्हणाली, "अंकल, सुई चलाने से पहले आंटी को एक बार दिखा दीजिए. बाद में मत बोलना."

सुभेदारांनी तोंड उघडलं. "मं..." झालं आणि थांबले. मग परेड मैदानावर मारायचे तशी हाक मारली, "दीपमाला!"

सगळी पोरं मान वळवून पाहू लागली. बाई मात्र बसल्या होत्या तशाच बसल्या. उलट त्यांनी आजूबाजूला पाहिलं, कोणाला बोलावतात म्हणून.

"दीपमाला!" या वेळी आवाज उतरला होता. हाक मारणाऱ्यालाच तो नवा होता.

बाई पुन्हा तळ्याकडे पाहू लागल्या. बाहेर एक रिक्षा गेली. अभिनवला वाटलं, आपण जाऊन आईच्या खांद्याला हात लावावा. पण त्याने पाय रोवले आणि कॅमेरा चालू ठेवला. या हाकेत दुसऱ्या कोणाचं काम नव्हतं.

तिसऱ्यांदा सुभेदारांनी हाक मारली नाही, नुसतं म्हटलं. घरी पाण्याचा पेला मागावा तसं. "दीपमाला. ये ना."

बाईंच्या बांगड्या वाजल्या. त्या उठायला लागल्या आणि परत बसल्या. पदर डोळ्यांना लावला. मग आपल्या नेहमीच्या, भाजीवाल्याला दटावणाऱ्या आवाजात म्हणाल्या, "ओरडता काहून? आली ना."

फिल्म तिथेच संपते. पडद्यावर फक्त हात आहे, छाप ओली आहे, सुई अजून लागलेली नाही. तीनदा नाव ऐकू येतं. दोनदा कोणी ओ देत नाही.